विश्लेषण : पीककर्ज पिकावर की सातबाऱ्यावर? धनंजयराव गाडगीळ यांच्या संशोधनातला प्रश्न अजून का सुटलेला नाही?

जून तोंडावर आला की गावोगावच्या विकास सोसायट्यांत आणि जिल्हा बँकांच्या शाखांत लगबग सुरू होते. सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचे दाखले आणि शेवटी मोबाइलवर येणारा ‘आपल्या खात्यात रक्कम जमा’ हा संदेश. उसाला एकरी किती, सोयाबीनला किती, कापसाला किती हे दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कोणाचा तरी अभ्यास असेल, असे सहसा मनात येत नाही. तो अभ्यास आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. मुळात आर्थिक इतिहासाचे अभ्यासक असलेले धनंजय रामचंद्र गाडगीळ पुढे शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि अखेरीस देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्षही. शेतीत तयार होणारा पैसा शेतकऱ्याच्या हातात का टिकत नाही, हा प्रश्न त्यांनी जवळपास पाच दशके सोडला नाही.

कोण होते धनंजयराव गाडगीळ?

आधी एक खुलासा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात गाडगीळ बरेच आहेत. काकासाहेब गाडगीळ राजकारणातले, गंगाधर गाडगीळ नवकथेतले (तेही अर्थशास्त्राचेच प्राध्यापक, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो). पश्चिम घाट अहवालामुळे घरोघरी माहीत झालेले पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे चिरंजीव.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकचा. बालपण नागपुरात गेले. पुढे ते केंब्रिजला शिकले. तिथे एम.लिट. पदवीसाठी केलेले संशोधन १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपात छापले, तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स’ हे ते पुस्तक. त्याच्या आवृत्त्या पुढची अनेक दशके निघत राहिल्या आणि अर्थशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. सुरतच्या एमटीबी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९२५ ते १९३० असे सांभाळून ते पुण्यात आले. ६ जून १९३० रोजी भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिच्यासाठी देणगी दिली होती रावबहादूर रा. रा. काळे यांनी. गाडगीळ संस्थेचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. छत्तीस वर्षे एकच खुर्ची! पण त्या खुर्चीवर ते फार बसून राहिले, असे मात्र म्हणता येत नाही.

इतिहासात त्यांना काय सापडले?

पुस्तकाच्या नावात ‘इंडस्ट्रियल’ आहे, म्हणून गिरण्या-कारखान्यांची कहाणी असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्यातली बरीच प्रकरणे शेतकऱ्यावर आहेत. सुरुवात १८६० पासून होते, आणि ते साल महत्त्वाचे आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस अडला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई इलाख्यात कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत शेअरचा सट्टा रंगला, गावात सावकाराने हात सैल सोडला. जमिनीला आता बाजारभाव आला होता, ती गहाण ठेवता येत होती आणि दिवाणी कोर्टात वसुलीही होत होती. मग कर्ज द्यायला हरकत कसली?

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र तिथेच राहिले. सरकारी सारा रोखीत भरायचा होता आणि फेरआकारणीत तो अनेक तालुक्यांत वाढला होता. सावकाराने हात आखडला आणि कोर्टाची पायरी चढायला सुरुवात केली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात आठवडी बाजाराच्या दिवशी उद्रेक झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत लोण पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, म्हणजे गहाणखते आणि कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेली घटना ती हीच. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणला. सावकाराला कोर्टात थोडा लगाम बसला. पण शेतकऱ्याला बियाण्यासाठी पैसा दुसरीकडून मिळेल, अशी सोय त्या कायद्यात नव्हती. थोडक्यात, कर्ज महाग होते तेही अवघड झाले.

शेतकरी नव्या पिकाकडे, नव्या बाजाराकडे वळायला तयार नसतो, तो परंपरेत अडकलेला असतो, हा त्या काळातल्या साहेबी अहवालांचा आवडता सूर. इतिहास तसे सांगत नव्हता. कापसाला भाव मिळाला तेव्हा शेतकऱ्याने कापूस लावला. रेल्वे आली तेव्हा माल दूरवर गेला. शेतकरी बाजाराला प्रतिसाद देतच होता. अडचण होती बाजाराच्या रचनेत. पेरणीला पैसा देणारा, माल विकत घेणारा आणि मालाचा भाव ठरवणारा हे बहुतेक गावांत एकच माणूस होते. गाडगीळ यांच्या पुढच्या सगळ्या कामाकडे या एका वाक्याच्या प्रकाशात पाहिले की ते सलग दिसते.

अर्थशास्त्रज्ञ बाजार समितीत आणि वाईच्या शेतात कशाला गेले?

ग्रंथालयात बसून सावकारीचा इतिहास लिहिता येतो, पण आजचा शेतकरी कुठे किती गमावतो हे कळत नाही. पुण्यात त्या आधी एक धडा घालून दिलेला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी शहराजवळचे एक लहान गाव निवडून शेतजमिनीचे तुकडे, कर्जे, घरटी उत्पन्न यांची मोजदाद केली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे आयटी कंपन्यांतल्या लोकांचे टॉवर उभे आहेत आणि जमिनीचा हिशेब चौरस फुटात होतो. शंभर वर्षांपूर्वी देशातल्या ग्रामीण पाहण्यांचा पाया तिथल्या काळ्या मातीत घातला गेला, हे तिथल्या किती रहिवाशांना ठाऊक असेल?

गोखले संस्थेने ही पद्धत मोठी केली. १९३३ मध्ये पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची. १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची. विषयांची ही यादी आज साधी वाटते. त्या काळी विद्यापीठीय अर्थशास्त्र म्हणजे चलन, विनिमय दर आणि इंग्लंडमधले सिद्धांत. अशा वेळी संत्र्या-मोसंब्यांच्या टोपल्या मोजणे, गाडीभाडे, आडत, हमाली, तोलाई यांची नोंद ठेवणे हे काहींना हलके काम वाटले असणार. पण रुपयातले किती आणे शेतकऱ्याकडे पोहोचतात याचे उत्तर त्या टोपलीतच होते. कापडाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या त्या काळात तर आपला माल नेमका कितीला गेला, हेसुद्धा शेतकऱ्याला कळत नसे.

दुष्काळासाठी बांधलेल्या कालव्यांचे पाणी उसाला कसे गेले?

गाडगीळ यांच्या पाहण्यांपैकी सर्वांत दूरगामी ठरली ती गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. तिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. विषय होता सिंचनाचे थेट आणि अप्रत्यक्ष फायदे.

नगर-नाशिक भागातले हे कालवे मुळात दुष्काळ निवारणासाठी होते. दारणा धरणाचे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी ज्वारी-बाजरी वाचवील, अशी कल्पना होती. चांगल्या पावसाच्या वर्षी मात्र शेतकरी ज्वारीसाठी पाणीपट्टी भरायला तयार नसे आणि सरकारला धरणाचा खर्च वसूल करायचा होता. मग बारमाही पाणी मागणारे पीक हवे झाले. ते होते ऊस.

सरकारी हिशेबात धरणाचा फायदा म्हणजे वसूल झालेली पाणीपट्टी. ती कमी पडली की प्रकल्प तोट्यात. गाडगीळ यांनी वेगळा हिशेब मांडला. पाणी आल्यावर मजुरी किती वाढली, बैल किती वाढले, गाडीवाल्याला काम किती मिळाले, बाजारपेठेत उलाढाल किती झाली, हे सगळे धरणाच्या खात्यात धरले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. आज कोणत्याही मोठ्या प्रकल्पाच्या लाभ-खर्च विश्लेषणात या गोष्टी ओघाने येतात. भारतात त्या पद्धतीची सुरुवात झाली ती कोपरगाव-राहाता-श्रीरामपूरच्या मळ्यांतून.

पण ऊस लावणाऱ्याचे तरी भले झाले होते का? गुऱ्हाळात गूळ करायचा आणि आडत्याकडे न्यायचा, हा एक मार्ग. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव पडले आणि बागायतदार कर्जात रुतले. दुसरा मार्ग खासगी साखर कारखाना. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यावर दख्खनच्या कालव्यांवर कारखाने उभे राहिले. पण त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे पिकवले. पाणी आले, कारखाना आला, साखर झाली आणि जमिनीचा मालक घरी बसून खंड मोजू लागला. खंडकरी शेतकऱ्यांचा लढा महाराष्ट्राने पुढे कित्येक दशके पाहिला, त्याचे मूळ इथे आहे.

प्रवरानगरचा प्रयोग नेमका काय होता?

१९४५ च्या सुमारास बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात (रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही बेलापूरच आहे), कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद झाली. गाडगीळ यांनी तिथे मांडलेला विचार साधा होता. कारखाना शेतकऱ्यांच्या मालकीचा झाल्याशिवाय उसातला नफा शेतकऱ्याकडे राहणार नाही.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो विचार गावोगाव नेला. फारसे शिक्षण नसलेला, पतसंस्था चालवून लोकांचा विश्वास कमावलेला शेतकरी पुढारी आणि केंब्रिजहून आलेला प्राध्यापक, अशी ही जोडी. विखे पाटील भाग गोळा करायला हिंडले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले, सरकारनेही भागभांडवल दिले. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे गाळप सुरू झाले.

‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ अशी प्रवरेची ख्याती आहे. काटेकोर बोलायचे तर आंध्रातल्या एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच सहकारी साखर कारखाना निघाला होता. पण ज्याच्याकडे पाहून पुढे शेकडो उभे राहिले तो कारखाना प्रवरेचाच, यात वाद नाही.

एका अभ्यासकाने दहा-बारा वर्षे कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळणे ही गोष्ट आज कल्पनेत बसत नाही. त्यांच्या दृष्टीने ती संशोधनाची पुढची पायरी होती. सुप्यात १८७५ मध्ये कागद का जळले, याचे उत्तर १९२४ च्या पुस्तकात होते. त्यावर उपाय काय, याची चाचणी प्रवरेच्या काठी घ्यायची होती. पैसा, प्रक्रिया आणि विक्री या तिन्ही गोष्टी सावकाराच्या एका हातातून काढून सभासदांच्या संस्थांकडे दिल्या तर काय होते?

ग्रामीण पतपाहणीत कोणता आकडा निघाला?

गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील कृषी वित्त उपसमितीने १९४५ मध्येच दोन गोष्टी सांगितल्या होत्या. जे शेतकरी पुरते बुडाले आहेत त्यांची कर्जे फेडता येतील इतकी कमी करा आणि त्यानंतर कर्जाची नवी, कायमची व्यवस्था उभारा. पहिली गोष्ट दुसरीशिवाय करू नका, हा त्यातला गर्भितार्थ. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या पाहिलेल्या वाचकाला वेगळे काही सांगायला नको.

पुढे रिझर्व्ह बँकेने देशभर पाहणी हाती घेतली. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी या नावाने ती ओळखली जाते. चौघांची समिती होती. अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्य गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या आणि एन. एस. आर. शास्त्री. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे. पाहणी १९५१-५२ ची, अहवाल १९५४ चा.

शेतकऱ्याला लागणाऱ्या कर्जापैकी सरकारकडून येत होते ३.३ टक्के, सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के, व्यापारी बँकांकडून ०.९ टक्के. सगळे मिळून ७.३ टक्के. उलट बाजूला धंदेवाईक सावकार ४४.८ टक्के आणि शेती करून सावकारी करणारे २४.९ टक्के. उरलेले नातेवाईक, व्यापारी-आडते, जमीनदार वगैरे. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांच्या सहकाराची कमाई ३.१ टक्के!

एवढ्या अपयशानंतर सहकार गुंडाळा, अशी शिफारस येणे सहज शक्य होते. समितीने उलटे म्हटले. सहकार फसला आहे हे मान्य केले, पण तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठामपणे नोंदवले. गावातली लहान सोसायटी सावकार, व्यापारी आणि त्यांना धार्जिण्या यंत्रणेपुढे एकटी टिकू शकत नाही, म्हणून सरकारने भागीदार म्हणून तिच्या पाठीशी उभे राहावे. कर्ज, विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घालावी. गोदामे बांधावीत. ग्रामीण भागात पोहोचणारी एक मोठी सरकारी बँक असावी. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली, ती या अहवालातून. गोदाम महामंडळांचा १९५६ चा कायदाही त्यातूनच आला.

‘पीककर्ज’ म्हणजे नेमके काय?

अहवालातली ही शिफारस समजून घेण्यासारखी आहे, कारण आज तिचे नाव टिकले आहे आणि आशय पातळ झाला आहे.

सावकार आणि जुन्या सोसायट्या कर्ज देताना जमीन पाहत. जमीन किती, तिची किंमत किती, गहाण ठेवली तर वसुली होईल का? पतपाहणी समितीने सांगितले की शेतकऱ्याची परतफेड जमिनीतून होत नाही, पिकातून होते. म्हणून कर्ज पिकासाठी द्या, पिकाला येणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात द्या, पीक विकल्यावर वसूल करा आणि कर्ज देणारी संस्था विक्रीच्या संस्थेशी जोडा. जमीन नावावर आहे की नाही यापेक्षा माणूस ती कसतो आहे का, हे महत्त्वाचे. मुंबई राज्यात या पद्धतीचे प्रयोग आधीच सुरू होते. समितीने त्याला देशाचे धोरण बनवले.

साखर पट्ट्यातल्या वाचकाला ही सांगड दुसऱ्या कोणी समजावून द्यायची गरज नाही. ऊस कारखान्याला जातो, कारखाना बिल काढतो, सोसायटीची रक्कम बिलातून कापली जाते, उरलेले खात्यात येते. पहिली उचल, दुसरा हप्ता, कपात हे शब्द पोरांनाही पाठ असतात. कर्ज, प्रक्रिया आणि विक्री एका साखळीत आल्याचे हे देशातले सर्वांत ठळक उदाहरण.

विदर्भात ही साखळी लावण्याचा प्रयत्न कापूस एकाधिकार खरेदी योजनेतून १९७२ पासून झाला. तिथेही सोसायटीची वसुली कापसाच्या चुकाऱ्यातून होत असे. पण योजना तोट्यात गेली आणि शेवटी बंद पडली. कापूस खासगी व्यापाऱ्याकडे गेला, सोसायटीचा वसुलीचा धागा तुटला. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँका पुढे अडचणीत आल्या. त्यात कारभाराचे दोष होतेच. पण ऊस भागातली सोसायटी तरते आणि कापूस भागातली बुडते, याचे खापर तिथल्या शेतकऱ्याच्या दानतीवर फोडणाऱ्यांनी ही साखळी एकदा नीट पाहावी.

टीकाकारांचे काय म्हणणे होते?

सर्वांत धारदार टीका आली ती दुसऱ्या एका आर्थिक इतिहासकाराकडून. डॅनियल थॉर्नर हे अमेरिकी अभ्यासक त्या काळात भारतात राहून शेतीवर काम करत होते. पतपाहणीच्या शास्त्रीय पद्धतीवरच त्यांनी शंका घेतली. पुढे देशभरातल्या सहकारी संस्था पाहून १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले. गावातले तगडे लोकच सोसायटी चालवतात, मग सरकारचा पैसा त्यांच्याच हाती जाणार, असा त्यांचा मुद्दा. ज्या गावात जमीन, जात आणि सत्ता विषम आहे तिथे ‘सर्वांची’ संस्था सर्वांची कशी राहील?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा माग बा. शं. बाविस्कर यांनी घेतला. कोपरगावच्या कारखान्याचा त्यांचा अभ्यास १९८० मध्ये पुस्तकरूपाने आला. कारखाना हे सत्तेचे केंद्र कसे बनते, संचालक मंडळाच्या निवडणुकीतून आमदारकीकडे वाट कशी जाते, हे त्यांनी जवळून दाखवले. कारखान्यांमुळे शाळा, दवाखाने, रस्ते, महाविद्यालये आली, हेही खरेच आहे. दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदात बसतात.

या बाबतीत गाडगीळ यांचा अंदाज कमी पडला, असे म्हणावे लागते. सावकाराच्या सत्तेचा इतिहास त्यांनी अचूक वाचला होता. पण सरकारी भागभांडवलाच्या जोरावर सभासदांतूनच नवे सत्ताधारी तयार होतील, याला त्यांच्या मांडणीत पुरेसा बंदोबस्त नव्हता. १९६१ मधल्या व्याख्यानांत त्यांनी सहकारी समाजव्यवस्थेचे जे चित्र रेखाटले, ते वाचताना आजच्या वाचकाला कौतुक आणि हळहळ एकाच वेळी वाटते. राज्यातल्या गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास आता खासगी आहेत आणि त्यांतले काही तर सहकारी म्हणूनच उभे राहिले होते.

पाण्याचा मुद्दा वेगळा. धरणाचे अप्रत्यक्ष फायदे मोजायला गाडगीळ यांनी शिकवले, पण एका पिकाने सगळे पाणी ओढल्यावर शेजारच्या कोरडवाहू गावाचे काय, हा तोट्याचा रकाना पुढच्या पिढीला भरावा लागला.

दिल्लीत त्यांनी काय केले?

सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेले ‘गाडगीळ सूत्र’ या काळातले. केंद्राची योजना मदत राज्यांना मर्जीने न देता ठरलेल्या निकषांवर द्यायची : लोकसंख्येला ६० टक्के भार, उरलेले ४० टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीतले प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांत प्रत्येकी १० टक्के. १९६९ मध्ये ते लागू झाले.

त्याच वर्षी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने ऑक्टोबरमध्ये सुचवले की प्रत्येक भागाची जबाबदारी ठरावीक बँकेवर टाका. जिल्ह्याची ‘अग्रणी बँक’ ही योजना रिझर्व्ह बँकेने त्यातूनच डिसेंबर १९६९ मध्ये आणली. खरीप आढावा बैठकीत जिल्हाधिकारी ज्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला पीककर्ज वाटपाच्या टक्केवारीवरून धारेवर धरतात, ते पद या योजनेतले.

१९७१ च्या निवडणुकीनंतर आयोगाची फेररचना ठरली आणि गाडगीळ यांनी पद सोडले. पुण्याकडे परतताना रेल्वेप्रवासातच ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. गोखले संस्थेतले त्यांचे उत्तराधिकारी वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

मग आता प्रश्न कुठे अडला आहे?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१९ मधील फेरीत शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी ६९.६ टक्के बँका, सहकारी संस्था आणि सरकारी यंत्रणांकडचे होते. दोन्ही पाहण्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवताना सावध राहायला हवे. तरीही योगायोग लक्षवेधी आहे. १९५१-५२ मध्ये दोन्ही प्रकारच्या सावकारांचा मिळून वाटा होता ६९.७ टक्के. सात दशकांत नाण्याची बाजू पालटली.

पण २०१९ च्या त्याच पाहणीत धंदेवाईक सावकाराचा वाटा अजून २०.५ टक्के आहे. हे कर्ज कोण काढते? त्यातला एक मोठा गट आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि कागदावर नसतो. दुसऱ्याची जमीन बटाईने, खंडाने किंवा अर्धेलीने करणारा. मालक शहरात, सातबारा मालकाच्या नावावर. तोंडी करार, कारण कूळ लागेल या धास्तीने मालक लिहून द्यायला तयार नसतो. पेरणी, खत, फवारणी, मजुरी सगळे कसणाऱ्याच्या अंगावर. सोसायटीत गेला तर पहिला प्रश्न, सातबारा कुठे आहे? अशांसाठी संयुक्त देयता गटाची सोय कागदोपत्री आहे, पण शाखेच्या पायरीवर तिची माहिती देणारा भेटला तर नशीब. विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली. तिचाही लाभ घेताना जमिनीचा कागद लागतोच.

पतपाहणी समितीने कर्ज पिकावर द्या म्हटले होते, जमिनीवर नव्हे. राज्यात ई-पीक पाहणीच्या ॲपवर कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे याची छायाचित्रासह नोंद आता होते. गाडगीळ यांच्या काळात अशी नोंद मिळवायला पाहणी करणाऱ्यांना महिनोन् महिने गावात राहावे लागत असे. पीक कुठे उभे आहे हे सरकारला आज मोबाइलवर दिसते. ते कोणी उभे केले, हा रकाना मात्र सातबाऱ्यावरच्या नावानेच भरला जातो.